घराण्यातला मधुमेह: जनुकं, मेंदू आणि जेवणानंतरची पंधरा मिनिटं

इंदूरच्या मराठी घरांत साखरेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमच्या घराण्यातच आहे हो." बोलणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा दुसरी जलेबी असते. आजोबांना होता, काकांना आहे, म्हणजे मलाही होणारच, मग आत्ताच जिभेला कशाला छळायचं? दुसऱ्या टोकाला शिबिरवाले असतात. विचार बदला म्हणजे डीएनए बदलेल, असं ते पावती फाडून सांगतात. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, राजेंद्र नगरात राहते, आणि या दोन्ही मंडळींशी माझं पटत नाही.

माझा भाचा, ताईचा धाकटा, वय तिशीतलं, दिवसभर लॅपटॉपसमोर. कंपनीच्या तपासणीत त्याचा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.१ आला. फोनवर म्हणाला, "मावशी, जीन्समध्येच असेल तर माझ्या हातात काय उरलं?" त्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढते आहे. ज्यांच्या घरात टाइप-२ मधुमेह आहे, पण स्वतःला अजून झालेला नाही किंवा नुकताच झाला आहे, त्यांच्यासाठी हे आहे. लहान मुलांना होतो तो टाइप-१ वेगळा. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारते. त्या मुलाला किंवा त्याच्या आईला "गोड कमी दिलं असतं तर" असं कुणी म्हणू नये.

आधी स्वतःचे आकडे काढा

घराण्याचा इतिहास म्हणजे "सगळ्यांनाच होता" एवढं पुरत नाही. कागद घ्या. आई, वडील, सख्खी भावंडं, दोन्हीकडचे आजी-आजोबा, आणि प्रत्येकाला कितव्या वर्षी निघाला ते लिहा. पंचविशीच्या आत, बारीक अंगाच्या माणसांना, पिढ्यान्‌पिढ्या असं दिसलं तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. एकाच जनुकातल्या दोषामुळे होणारा दुर्मीळ प्रकार असतो आणि त्याचे उपचार वेगळे असू शकतात. बाकी आपल्या सगळ्यांचा जो नेहमीचा मधुमेह, त्यामागे शेकडो जनुकीय फरक असतात आणि एकेकाचा वाटा अगदी थोडा असतो.

मग एचबीएवनसी. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. आणि शिंप्याची टेप. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या पुढे गेली की धोका धरतात, वजनकाटा काहीही म्हणो. याचं कारण आपल्याच लोकांनी दाखवून दिलं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू, पोट, सगळंच लहान होतं, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे "मी तर काडीपैलवान, मला कुठला मधुमेह" हे आपल्याकडे चालत नाही. माझा भाचा काडीपैलवानच आहे.

काय बदलतं, काय बदलत नाही

डीएनएची अक्षरं बदलत नाहीत. व्यायामाने नाही, ध्यानाने नाही, काढ्याने तर नाहीच. झाबुआ-अलीराजपूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. त्यांच्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर वेगळं असतं, आणि ते वागणुकीने सरळ होत नाही. थॅलेसेमियाचंही तसंच. इथे निर्धार, सकारात्मक विचार वगैरे सांगायला जाणं क्रूरपणाचं आहे.

पण अक्षरं असणं आणि ती वाचली जाणं या दोन गोष्टी आहेत. तुमच्या यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत डीएनए तोच असतो. तरी एक पेशी पित्त बनवते आणि दुसरी प्रकाश टिपते, कारण दोघींत वेगवेगळी जनुकं चालू असतात. कोणतं जनुक किती चालायचं हे ठरवणाऱ्या खुणांपैकी एक म्हणजे डीएनएवर चिकटणारे छोटे मिथाइल गट. या खुणा बऱ्याच अंशी आयुष्यभर टिकतात. काही मात्र आपण काय करतो त्यावर हलतात.

याचा मला सर्वांत आवडलेला प्रयोग स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतला, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. तेवीस निरोगी तरुण-तरुणींना तीन महिने सायकल चालवायला लावली, आठवड्यातून चारदा, पाऊण तास. गंमत अशी की पॅडल मारायचं ते एकाच पायाने. दुसरा पाय नुसता स्वस्थ. शेवटी दोन्ही मांड्यांमधून स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. व्यायाम केलेल्या पायात सुमारे पाच हजार जागी मिथाइलच्या खुणा बदललेल्या होत्या. त्यांतले बरेच बदल स्नायूंचा चयापचय आणि दाह यांच्याशी संबंधित जनुकांच्या आसपासचे. माणूस तोच, आईवडील तेच, ताटातलं जेवण तेच, मनातले विचारही तेच. फरक काय तो एका पायाने केलेल्या कामाचा. "मन शुद्ध तर जनुकं शुद्ध" म्हणणाऱ्यांना मी हा पाय दाखवते. काम ज्या पायाने केलं, बदल त्याच पायात.

आता तुम्ही विचाराल, खुणा हलल्या, ठीक आहे, पण मधुमेह टळतो का? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने हेच पाहिलं आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. उंबरठ्यावरचे ५३१ भारतीय, साधारण अडीच वर्षांचा पाठपुरावा. ज्यांना नेहमीचा तोंडी सल्ला देऊन सोडलं त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांच्या खाण्याचा आणि चालण्याचा मागे लागून पाठपुरावा केला त्यांच्यात ३९ टक्के. आकडा प्रामाणिकपणे वाचा. चाललेल्यांमधल्याही शंभरातल्या ३९ जणांना झालाच. पण शंभरातले सोळा सुटले, आणि ते सोळाही घराण्यातलेच असणार, कारण आपल्याकडे घराणं नसलेलं कोण आहे!

अमेरिकेतल्या अशाच मोठ्या अभ्यासात जनुकंही तपासली होती. टीसीएफ७एल२ नावाचं जनुक आहे, मधुमेहाशी त्याचं नातं बऱ्यापैकी पक्कं आहे. त्याचा धोक्याचा प्रकार आई आणि वडील दोघांकडून आलेल्यांना, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटात, मधुमेहाचा धोका हा प्रकार मुळीच नसलेल्यांपेक्षा जवळपास ८० टक्क्यांनी जास्त निघाला. वजन उतरवून नियमित चालणाऱ्या गटात तो जादा धोका १५ टक्क्यांच्या आसपास दिसला. गट लहान असल्यामुळे या फरकावर संख्याशास्त्राचा पक्का शिक्का बसला नाही, तरी दिशा दिसते. जनुक होतं तिथेच राहिलं, त्याचा जोर मात्र उतरलेला दिसला.

इच्छाशक्ती कुठे खर्च करायची

सराफ्यात रात्री सोन्या-चांदीची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर कढया चढतात. साडेनऊला तुम्ही तिथे उभे आहात, मालपुवा तुपातून निथळून पाकात चाललाय, शेजारचा मित्र म्हणतोय, "अरे भिया, एक प्लेट तो बनती है." या क्षणी तुमची इच्छाशक्ती किती? जवळजवळ शून्य, आणि त्यात तुमचा दोष कमी आहे. वोल्फ्राम शुल्त्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे बक्षिसाचा निरोप देणाऱ्या रसायनाच्या, पेशींचे विद्युत संकेत ऐकले. सुरुवातीला त्या रसाचा थेंब मिळाल्यावर तडतडायच्या. दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, तशा त्या दिवा लागल्याबरोबरच तडतडायला लागल्या. तुमच्या मेंदूत तुपाचा वास हाच तो दिवा. खाण्याचा हुकूम कढईशी पोहोचण्याआधीच सुटलेला असतो.

आपली इच्छा खरंच आपली असते का, या चर्चेत बेंजामिन लिबेट या मेंदूशास्त्रज्ञाचा १९८३ चा प्रयोग नेहमी येतो. मनगट हलवण्याआधी सुमारे अर्धा सेकंद मेंदूत हालचाल सुरू होते, आणि "आता हलवतो" ही जाणीव मात्र साधारण पाचवा हिस्सा सेकंद आधी होते. झालं, लोकांनी जाहीर केलं की स्वतंत्र इच्छा मेली. २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती आधीची हालचाल म्हणजे मेंदूतली नेहमीची चढउतारही असू शकते, घेतलेला निर्णय असेलच असं नाही. तत्त्वज्ञांचा वाद चालू राहू दे. आपल्या कामापुरतं एवढं पुरे की अर्ध्या सेकंदाच्या मैदानात लढूच नये. निर्णय दुपारी घ्यावा, पोट भरलेलं असताना, घरी बसून.

कसा? "जर-तर" करून. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने हा प्रकार रूढ केला आणि तो खरोखर उपयोगी पडतो. "गोड कमी करीन" हा संकल्प नाही, ती सदिच्छा झाली. संकल्प असा लिहायचा: "जर सराफ्यात जायचं ठरलं, तर घरून जेवून निघेन, भुट्ट्याचा कीस एक द्रोण दोघांत घेईन आणि गोडाच्या रांगेत उभा राहणार नाही." "जर ऑफिसात वाढदिवसाचा केक आला, तर प्लेट हातात घेऊन फोन आल्यासारखा बाहेर जाईन." हसू येतं, पण प्रसंग आणि कृती यांची गाठ आधीच मारून ठेवली की त्या वेळी विचार करावा लागत नाही. एका वेळी दोनच लिहा. भाच्याने उत्साहात पानभर लिहून आणली होती. मी त्यातल्या दोन ठेवायला लावल्या.

दुसरं, डोळ्यांसमोरून हलवा. पेढ्यांचा डबा फ्रिजच्या वर, अपारदर्शक, मागच्या बाजूला. जेवणाच्या टेबलावरची साखरेची बरणी स्वयंपाकघरात. शेवेचं पाकीट अर्ध्या किलोचं न आणता लहान आणायचं. महाग पडतं, पडू दे.

आणि आग्रह! मराठी घरातल्या आग्रहावर कुठल्याच परदेशी पुस्तकात धडा नाही. "डाएटवर आहे" म्हणालात की संपलं. "एवढ्याने काय होतंय," "मग आम्ही काय मेलो का," "सणासुदीला असं नाही म्हणू नये" अशी सरबत्ती सुरू होते, कारण तुम्ही वादाला जागा दिलीत. त्यापेक्षा "काकू, श्रीखंड झकास झालंय, वाटीत थोडं बांधून द्या, उद्या खाईन" म्हणा. काकूंचा मान राहतो आणि वाटी घरी आल्यावर तुम्ही मालक असता. जावयांना हे जमायला वेळ लागतो.

पोहे-जलेबीचं काय करायचं

इंदूरमध्ये राहून पोहे सोडा असं सांगणारा आहारतज्ज्ञ सकाळी नाक्यावर गेलेला नसावा. आमचे पोहे पातेल्याच्या वाफेवर फुगत असतात, त्यात बडीशेप, वर शेव, कांदा, जिरावन, लिंबू. पुण्याचे पाहुणे शेव बघून नाक मुरडतात आणि दुसरी प्लेट मागतात. पण एका प्लेटीत प्रथिनं नावालाच, आणि शेजारी जलेबी म्हणजे पिष्टावर साखर.

मी घरी असं करते. आधी एक वाटी मोड आलेले मूग, हिंग-मोहरीत परतलेले, किंवा खाणाऱ्यांना अंडं. ते संपलं की पोहे, नेहमीच्या निम्मे, त्यात शेंगदाणे भरपूर. प्रथिनं आणि भाजी आधी, पिष्ट नंतर, या क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी उसळते असं छोट्या प्रयोगांत दिसलं आहे. घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन रविवार स्वतःवर करून बघा: एकदा नेहमीसारखं, एकदा मूग आधी, आणि दोन्ही वेळा पहिल्या घासापासून एका तासाने बोट टोचायचं. टोचण्याआधी हात साबणाने धुवा. बोटाला पाक असेल तर यंत्र पाकाची साखर दाखवतं. भाच्याने हे केल्यावर मला काही पटवावंच लागलं नाही, पडद्यावरचे दोन आकडे त्याच्याशी बोलले. जलेबी रोजची न ठेवता रविवारची केली. तीही पोह्यांच्या शेवटी, एक.

जेवणानंतर उठायचं

सगळ्यात जास्त भर मी इथे देते. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीतली ग्लुट-४ नावाची साखरेची दारं पृष्ठभागावर येतात, आणि त्यासाठी इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. इन्सुलिनचं ऐकेनासं झालेल्या शरीरातही हा रस्ता बऱ्यापैकी उघडा असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात वयस्कर लोकांनी तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालून पाहिलं. दिवसभराच्या साखरेवर त्याचा परिणाम सकाळी सलग पाऊण तास चालण्याइतका झाला, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर जास्त चांगली उतरली.

म्हणून सकाळी पाचला उठून मेघदूत उपवन गाठण्याचे बेत आखू नका. ते डिसेंबरच्या पहिल्या थंडीत मोडतात. रात्रीचं ताट उचललं की चपला घालायच्या, एवढंच. ताट हा इशारा, चपला ही कृती. चपला दाराशी, त्याच जागी. सिंकमधली भांडी परत येऊन घासायची, कारण भांडी घासायला लागलात की बसणं होतं आणि बसलं की मालिका सुरू होते. आमच्या कॉलनीत रात्री कुत्री मागे लागतात, म्हणून हे हातात छत्री घेतात, बाराही महिने. पावसात गच्चीच्या जिन्यापासून दिवाणखान्यापर्यंत फेऱ्या मारल्या तरी चालतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा वर-खाली करायच्या. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दमेपर्यंत. मोठे स्नायू म्हणजे साखर ठेवायला मोठी कोठी.

किती दिवस? एकवीस दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात लोकांच्या नव्या सवयींचा माग काढला तेव्हा मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि पसारा १८ पासून २५४ पर्यंत. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा लग्नाला नागपूरला गेलात आणि दोन दिवस चाललं नाही, तर तिसऱ्या दिवशी ताट उचला आणि चपला घाला. भरपाई म्हणून तासभर पळू नका.

जुनी सवय मात्र पुसली जात नाही. एमआयटीमध्ये ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना चक्रव्यूहातल्या चॉकलेटची सवय लावली, मग बक्षीस बंद करून ती मोडली. मेंदूतली नोंद मावळली. बक्षीस पुन्हा ठेवताच ती लगेच परत उमटली. दिवाळीत पहिल्या करंजीनंतर हात आपोआप दुसऱ्या करंजीकडे का जातो, ते इथे आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा: २००४ मध्ये जर्मनीत नवशिक्यांनी तीन महिने चेंडू झेलण्याची कसरत शिकली, तेव्हा हालचाल टिपणाऱ्या भागातलं मेंदूचं करडं द्रव्य वाढलेलं स्कॅनमध्ये दिसलं. पुढचे तीन महिने सराव बंद, तर ते बरंचसं पूर्वपदावर आलं. मेंदू नव्या वळणालाही कायमचं धरून ठेवत नाही. म्हणून सणाच्या दिवशी गोड खा, पण रात्रीच्या चपला मोडू नका.

झोपेचं एका वाक्यात: सलग काही रात्री चार-पाच तासच झोपलात तर निरोगी माणसाचंही शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं, तेव्हा रात्रपाळीवाल्यांनी दिवसाची झोप पडदे ओढून पूर्ण करावी.

कशाला पैसे देऊ नयेत

"डीएनए जागृती", "जनुकशुद्धी" अशा नावांच्या शिबिरांना. लाळ पाठवून "तुमच्या जनुकांनुसार आहार" देणाऱ्या अहवालांनाही घाई नको. घराण्याचा इतिहास, कंबर आणि एचबीएवनसी कळल्यावर त्या अहवालातून पुढे काय वेगळं करायचं, ते फारसं निघत नाही.

आणि गर्भवती मुलींना घाबरवणाऱ्यांना तर पैसेच काय, चहाही देऊ नये. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. त्या काळात ज्यांचा गर्भ राहिला त्या मुलांच्या डीएनएवर साठ वर्षांनीही वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकापाशी मिथाइलच्या खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. यावरून "तू आज जे खाशील ते सात पिढ्या भोगतील" असं भाषण ठोकतात. ती उपासमार होती, चुकलेला नाश्ता नव्हे. शिवाय पुढच्या पिढीकडे जाताना बहुतेक खुणा पुसल्या जाऊन नव्याने घातल्या जातात. मुलीला वेळेवर जेवायला द्या, रक्ताची आणि साखरेची तपासणी करा, भाषण नको.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. पंधरवड्यात परत काढून निराश होण्यात अर्थ नाही. रक्तक्षय किंवा थॅलेसेमियाची जनुकं असलेल्यांत हा आकडा फसवू शकतो, त्यांनी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखरही बघावी. प्रयोगशाळा शक्यतो तीच ठेवा. चालायला लागल्यावर साखर उतरली म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड-ग्लिक्लाझाइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर चालणं वाढवण्याआधीच डॉक्टरांशी डोसबद्दल बोला. चालताना घाम, थरथर, गरगरणं जाणवलं तर तिथेच कठड्यावर बसा आणि तोंडात साखर टाका. अशांच्या खिशात रात्री साखरेची पुडी असलीच पाहिजे, आणि बरोबर चालणाऱ्याला कुठल्या खिशात ते माहीत हवं.